नजर कुठे गेली आणि समजलं काय : सीमाभागात ऑटिझमवरचा अभ्यास कसा उभारावा

"डोळ्यांत बघत नाही, म्हणजे त्याला समोरच्याचं काही कळत नाही." ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या मुलाबद्दल अंगणवाडीच्या ताईंपासून शिकल्यासवरल्या डॉक्टरांपर्यंत हे वाक्य सगळे सहज बोलून जातात. त्यात दोन वेगळे दावे आहेत. पहिला नजरेचा : मूल चेहऱ्याकडे, डोळ्यांकडे कमी बघतं. दुसरा समजेचा : समोरचा चिडलाय की खूश आहे हे त्याला ओळखता येत नाही. नजर मोजण्याची रीत वेगळी, समज तपासण्याची वेगळी, आणि एकीवरून दुसरी ठरत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात मानसशास्त्र, समाजकार्य, विशेष शिक्षण किंवा बालरोगशास्त्र शिकणाऱ्या, आणि शोधनिबंधासाठी हा विषय घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकासाठी हे लिहितो आहे. थेरपिस्टांना आणि पालकांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल. अभ्यास लॅपटॉप, मोबाइल आणि भरपूर चिकाटी यांवर उभा राहू शकतो. महागडं यंत्र नसलं तरी चालतं. तुलनेची मुलं चुकीची निवडली तर मात्र काहीच चालत नाही, आणि सीमाभागात ती चुकीची निवडणं फार सोपं आहे.

आधी काय माहीत आहे

२००२ साली येल विद्यापीठातल्या अ‍ॅमी क्लिन, वॉरेन जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेले १५ तरुण व किशोरवयीन मुलगे आणि तेवढेच तुलनेचे घेऊन त्यांना एका चित्रपटातले प्रसंग दाखवले आणि नजर नोंदवली. ऑटिझम असलेल्यांची नजर डोळ्यांवर कमी आणि तोंड, शरीर, वस्तू यांच्यावर जास्त होती. निबंध लिहिणारे बहुतेक जण इथेच थांबतात. पण त्याच अभ्यासात तोंडाकडे जास्त बघणाऱ्यांचं सामाजिक वागणं तुलनेने बरं निघालं होतं, तर वस्तूंकडे जास्त बघणाऱ्यांचं कमी. म्हणजे डोळ्यांवरून हललेली नजर वाया गेली असं त्या अभ्यासातही नव्हतं.

२०१३ मध्ये जोन्स आणि क्लिन यांनी 'नेचर'मध्ये बाळांचा अभ्यास छापला. पुढे ज्यांना ऑटिझमचं निदान झालं, त्या बाळांचं डोळ्यांकडे बघणं जन्मापासून कमी नव्हतं. ते २ ते ६ महिन्यांच्या दरम्यान घसरत गेलं. त्याआधी २०११ मध्ये कॅरन पियर्स यांच्या गटाने १४ ते ४२ महिन्यांच्या मुलांना पडद्याच्या एका बाजूला हलणारे भौमितिक आकार आणि दुसऱ्या बाजूला नाचणारी-खेळणारी मुलं दाखवली. ६९ टक्क्यांहून जास्त वेळ आकारांकडे बघणारं त्या नमुन्यातलं प्रत्येक मूल ऑटिझमचं होतं. मात्र ऑटिझम असलेल्या बहुतेक मुलांची नजर त्या मर्यादेपर्यंत गेलीच नाही. "आकार आवडतात, म्हणून ऑटिझम" किंवा "मुलांकडे बघतो, म्हणून नाही" ही दोन्ही वाक्यं त्यातून निघत नाहीत.

भावना ओळखण्याचं चित्र याहून धूसर आहे. उल्यारेविच आणि हॅमिल्टन यांनी २०१३ मध्ये ४८ अभ्यास एकत्र केले, तेव्हा फरकाचा आकार, म्हणजे दोन गटांच्या सरासरींमधलं अंतर प्रमाण विचलनाच्या मापात, ०.८० आला. पण फरक न सापडलेले अभ्यास छापले जात नाहीत, हा कल हिशेबात धरल्यावर तो ०.४१ वर उतरला. त्याच वर्षी जेफ बर्ड आणि रिचर्ड कुक यांनी आणखी एक शंका मांडली : अडचण ऑटिझमची नसून अ‍ॅलेक्सिथायमियाची असेल. अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणजे स्वतःच्याच भावना ओळखायला आणि सांगायला जड जाणं. ते ऑटिझम असलेल्या अनेकांमध्ये आढळतं, पण सगळ्यांमध्ये नाही. आणि २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने प्रश्नच उलटा केला : न कळणं एकाच बाजूचं कशावरून? आपल्याला तरी त्यांचा चेहरा कुठे वाचता येतो?

एवढं वाचलं की तुमचा निम्मा शोधनिबंध बदलायला हवा.

तोंडाकडे बघणारं दोन भाषांचं मूल

सीमाभागातल्या अभ्यासकाने हे प्रकरण सर्वांत आधी वाचावं असं मला वाटतं. बाळं साधारण ४ ते ८ महिन्यांच्या काळात बोलणाऱ्याच्या डोळ्यांवरून तोंडाकडे वळतात, हे लेव्हकोविच आणि हॅन्सन-टिफ्ट यांनी २०१२ मध्ये दाखवलं. भाषा शिकताना ओठ बघितले की आवाज पकडायला मदत होते. २०१५ मध्ये बार्सिलोनातल्या पॉन्स, बॉश आणि लेव्हकोविच यांना दिसलं की स्पॅनिश आणि कॅटलान अशा दोन भाषांत वाढणारी बाळं एकभाषिक बाळांपेक्षा तोंडाकडे जास्त बघतात.

आता आपल्याकडे या. निपाणीतल्या एखाद्या घरात आजी मराठी बोलते, शेजारच्या काकू कन्नड, बाजारात दोन्ही चालतं, आणि मोबाइलवरचं कार्टून हिंदी किंवा इंग्रजी. असं मूल तोंडाकडे जास्त बघत असेल, तर ते ऑटिझममुळे की दोन-तीन भाषांचा गुंता सोडवायला? पुण्यातल्या किंवा परदेशातल्या एकभाषिक मुलांच्या आकड्यांशी तुलना केलीत, तर हा प्रश्न कधीच सुटणार नाही. तुलनेचं मूल त्याच गल्लीतलं, तशाच भाषांच्या घरातलं हवं.

दुसरा गुंता वळणाचा. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं आपल्याकडे घरोघर शिकवतात. "वर डोळे करून बघतोस काय!" हे ऐकत वाढलेल्या मुलाने परक्या तपासणाऱ्याच्या डोळ्यांत बघितलं नाही, तर मोजलं काय गेलं, संस्कार की ऑटिझम? म्हणून पडद्यावर मोठ्या माणसांसोबत मुलांचे चेहरेही ठेवा आणि दोन्हींचे निकाल वेगळे मांडा.

प्रश्न लहान करा

"ऑटिझम असलेल्या मुलांमधील सामाजिक अवधान व भावना ओळख : एक अभ्यास" हे शीर्षक विद्यापीठात खपतं, पण त्याने काम होत नाही. असा प्रश्न घ्या : बेळगाव-खानापूर भागातली, घरी मराठी बोलणारी, ६ ते १० वर्षांची ऑटिझम असलेली मुलं ओळखीच्या धाटणीच्या चेहऱ्याकडे परक्या धाटणीच्या चेहऱ्यापेक्षा जास्त वेळ बघतात का, आणि त्यावरची भावना जास्त वेळा ओळखतात का?

असा प्रश्न घेण्याचं कारण संख्येत आहे. दोन गटांत मध्यम आकाराचा फरक, म्हणजे ०.५, पकडायचा तर नेहमीच्या निकषांवर, म्हणजे खरा फरक सापडण्याची शक्यता (शक्ती) ८० टक्के आणि नसलेला फरक दिसण्याची ०.०५ धरून, प्रत्येक गटात ६४ मुलं लागतात. फरक ०.८ इतका मोठा असेल तर २६ पुरतात, पण वर बघितलंच की तो ०.८ टिकत नाही. एका विद्यार्थ्याला या पट्ट्यात निदान झालेली, नीट बसू शकणारी, पालक तयार असलेली ६४ मुलं मिळणं कठीण. त्याऐवजी तेच मूल दोन्ही प्रकारचे चेहरे बघतं अशी मांडणी केली, तर तेवढ्याच फरकासाठी ३४ मुलं पुरतात, आणि घर, भाषा, बुद्धी हे सगळं आपोआप सारखं राहतं. तुलनेचा गट तरीही घ्या, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

परवानगी, आणि गावात बोभाटा न होऊ देणं

नैतिक समितीची मंजुरी आधी, मुलं नंतर. वैद्यकीय महाविद्यालयांत अशी समिती असतेच. तुमच्या कॉलेजात नसेल तर मार्गदर्शकामार्फत दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे जावं लागेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची लेखी संमती लागतेच. शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ च्या मुलाची लेखी सहमती लागते. न बोलणाऱ्या मुलाची सहमती कशी ओळखणार, हे अर्जातच लिहा : खुर्चीवरून उठलं, पडदा ढकलला, कान झाकले की थांबायचं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती सांगितली आहे. चेहऱ्याचा व्हिडिओ ही वैयक्तिक माहितीच. तो व्हॉट्सअ‍ॅपवरून मार्गदर्शकांना पाठवायचा नाही, कितीही घाई असली तरी.

संमतीपत्र मराठी आणि कन्नड दोन्हींत काढा. एकाच घरात आईचं शिक्षण मराठी शाळेत आणि वडिलांचं कन्नड शाळेत झालेलं असतं. दोघांना वाचून दाखवा, आणि "कळलं ना?" असं विचारण्याऐवजी "आम्ही काय करणार आहोत ते तुम्ही मला सांगा" असं म्हणा. मान डोलावण्यावर जाऊ नका.

शाळेतून मुलं मिळवायची तर बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, कार्यालयात अर्ज कन्नडमध्ये द्या. मराठी शाळेसाठी असला तरी. त्याने फाइल लवकर हलते, बाकी चर्चेत शिरायचं कारण नाही. मग मुख्याध्यापक, मग एसडीएमसीचे, म्हणजे शाळा समितीचे, अध्यक्ष. तालुक्याच्या समावेशक शिक्षणाच्या शिक्षकांना, म्हणजे बीआयईआरटींना, आवर्जून भेटा. कुठल्या वाडीत कुठलं मूल घरीच बसून आहे हे त्यांना माहीत असतं.

गावात जाताना बॅनर नको, संस्थेची पाटी लावलेली गाडी नको. "त्यांच्या पोराला तपासायला माणसं आली होती" ही बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचते, आणि त्या घरातल्या मोठ्या बहिणीच्या स्थळापर्यंतही जाते. आशाताईंकडून निरोप द्या आणि भेट कुठे घ्यायची ते घरच्यांना ठरवू द्या.

तुमचा अभ्यास म्हणजे निदान नाही, हे पहिल्याच भेटीत सांगा. निदान न झालेलं मूल समोर आलं तर पुढची वाट तुमच्याकडे तयार हवी : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं जिल्हा पातळीवरचं लवकर हस्तक्षेप केंद्र, मोठ्या रुग्णालयाचा बालरोग विभाग, धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था. अथणी-कागवाडची माणसं मिरजेला आणि निपाणीची कोल्हापूरला जातात, त्यामुळे कागद दोन राज्यांचे असतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र देशभर चालतं, म्हणून त्याने अडत नाही.

कोणती मुलं, आणि त्यांच्याबद्दल काय नोंदवायचं

प्रमाणपत्रावर बहुतेकदा इसा या भारतीय मापनश्रेणीचा गुण असतो. त्यात ४० बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ५ गुण. ७० च्या खाली ऑटिझम नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. हा गुण नोंदवा, पण त्याला भाषेची पातळी समजू नका. सौम्य गटातलं मूल अबोल असू शकतं आणि मध्यम गटातलं अखंड बोलणारं. २ ते ९ वर्षांसाठी इन्क्लेन या संशोधन संस्थेचं निदानसाधनही आहे. प्रशिक्षित व्यक्ती मिळाली तर तेही वापरा.

वय जुळवलं म्हणजे गट जुळले असं नाही. ८ वर्षांच्या, तीन शब्दांची वाक्यं बोलणाऱ्या मुलाची तुलना तिसरीतल्या हुशार मुलाशी केली, तर जो फरक दिसेल तो भाषेचा. म्हणून दोन तुलनागट आदर्श : एक वयाने जुळणारा, एक भाषिक वयाने. दोन जमत नसतील तर दुसरा घ्या. बिगरशाब्दिक क्षमतेसाठी रेवनची रंगीत आकृत्यांची चाचणी सोयीची, ३६ प्रश्नांची, बोलावं न लागणारी. आपल्या भागाचा एक वारसाही इथे आठवावा : व्ही. व्ही. कामत यांनी १९३४ मध्ये बिने या बुद्धिमापन चाचणीची जी भारतीय आवृत्ती मांडली, ती कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीच होती. नव्वद वर्षांपूर्वी हे काम दोन्ही भाषा धरून झालं. आज एका भाषेत उरकणं शोभत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ घरच्या भाषेच्या तक्त्यावर घालवा. आई मुलाशी कोणत्या भाषेत बोलते, वडील, आजी, शेजारी, शाळा, थेरपी, मोबाइल. दिवसातले साधारण किती तास. घरात मराठी असून मूल मोबाइलवरचं इंग्रजी घडाघडा म्हणतं, पण आईची साधी सूचना कळत नाही, असं घर तुम्हाला भेटेल. थेरपिस्टने "एकच भाषा ठेवा" असं सांगितलेलंही आढळेल. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाची भाषा जास्त मागे पडते असं अभ्यासांत दिसलेलं नाही, तेव्हा त्या आईच्या मनातली टोचणी तरी काढा.

आणि डोळे तपासून घ्या. नजरेचा अभ्यास करायला निघालेल्या माणसाने मुलाला चष्मा हवा का, तिरळेपणा आहे का, हेच पाहिलं नाही तर हसावं की रडावं कळत नाही. ऐकण्याची तपासणीही झालेली असावी.

चेहरे कुठून आणायचे

तयार संच आहेत. पॉल एकमन आणि फ्रीझन यांचा १९७६ चा ११० कृष्णधवल छायाचित्रांचा, स्वीडनमधला ७० माणसांच्या ४९०० छायाचित्रांचा कॅरोलिन्स्का संच, शिवाय आयआयटी खरगपूरच्या गटाने भारतीय चेहऱ्यांवरचे उत्स्फूर्त भाव टिपून केलेला संग्रह. एलफेनबाइन आणि अंबाडी यांनी २००२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की आपल्याच समूहातल्या माणसांचे भाव लोकांना जास्त अचूक ओळखता येतात. तेव्हा परकी छायाचित्रं तुलनेसाठी ठेवा आणि स्थानिक संच स्वतः करा.

बेळगावात हौशी नाटकवाल्यांना तोटा नाही. पण त्यांना आधीच सांगा : शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा अभिनय नको, स्वयंपाकघरात चिडतात तेवढंच चिडा. डोक्यावर पदर घेतलेली आजी, टोपीवाले आजोबा, गणवेशातली मुलगी, कॉलेजचा मुलगा, बाई. मागे साधी राखाडी चादर, प्रकाश समोरून, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. स्थिर छायाचित्रापेक्षा २-३ सेकंदांची चित्रफीत बरी, कोऱ्या चेहऱ्यापासून पूर्ण भावापर्यंत जाणारी. कलाकारांचीही लेखी परवानगी घ्या, किती वर्षं आणि कशासाठी ते लिहून.

टिकलीचा विचार परदेशी पुस्तकात सापडणार नाही. ठसठशीत लाल टिकली बरोबर दोन भुवयांच्या मध्ये, म्हणजे तुम्ही ज्याला डोळ्यांचं क्षेत्र म्हणणार त्यातच. मूल टिकलीकडे बघत राहिलं तर तुमच्या तक्त्यात "डोळ्यांकडे बघितलं" अशी नोंद होईल. नथ आणि मिशी तोंडाच्या क्षेत्रात हाच घोळ घालतात. त्याच बाईंचं टिकलीसह आणि टिकलीविना असं दोन्ही चित्रण घ्या आणि ते अर्ध्या-अर्ध्या मुलांना दाखवा. कुणाला एवढ्यावरच स्वतंत्र छोटा निबंध करता येईल.

चित्रफिती झाल्यावर स्थानिक प्रौढांकडून तपासून घ्या. ८० टक्के लोकांना जो भाव एकसारखा ओळखता आला नाही, तो मुलांसमोर ठेवू नका.

नजर मोजण्याचे तीन मार्ग

सगळ्यांत स्वस्त मार्ग मला सगळ्यांत भरवशाचाही वाटतो. पडदा दोन भागांत, डावीकडे माणसं, उजवीकडे हलणारे आकार. बाजू मधूनमधून बदलायच्या. पडद्याच्या वर मोबाइल लावून मुलाच्या चेहऱ्याचं चित्रण करायचं आणि नंतर एकेक फ्रेम बघून "डावी, उजवी, बाहेर" अशी नोंद करायची. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. त्यासाठी इलान किंवा बोरिस ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. दोन माणसांनी एकमेकांचं न बघता नोंद करावी, मूल कोणत्या गटातलं हे त्यांना माहीत नसावं, आणि दोघांचा मेळ काप्पा, म्हणजे योगायोगाचा वाटा वगळून मेळ सांगणारा आकडा, काढून दाखवावा. कंटाळवाणं काम आहे, पण मूल हललं, आडवं झालं तरी माहिती वाया जात नाही.

दुसरा मार्ग वेबकॅमचा. वेबगेझर हे नजर टिपणारं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, पण त्याची चूक साधारण ४ अंशांची. ६० सेंटिमीटर अंतरावर १ अंश म्हणजे सुमारे १ सेंटिमीटर, तेव्हा ४ अंश म्हणजे ४ सेंटिमीटरहून थोडं जास्त. नेहमीच्या लॅपटॉपवर १५ सेंटिमीटर उंचीचा चेहरा दाखवला, तर डोळे आणि तोंड यांच्यातलं अंतर ५ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे चूक आणि अंतर जवळपास सारखंच. वेबकॅमने डावं-उजवं सांगता येईल. "डोळे की तोंड" हा दावा करू नका.

तो दावा करायचा तर खरा आय ट्रॅकर, म्हणजे नजर टिपणारं यंत्र, हवा, ज्याची चूक अर्ध्या अंशाच्या आसपास असते. विकत घ्यायची गरज नाही. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाशी किंवा मोठ्या संस्थेशी हातमिळवणी करा. ६० हर्ट्‌झचं यंत्र दर १६.७ मिलिसेकंदांनी नोंद घेतं, एवढ्या कामाला ते पुरे. खिडकी मुलाच्या समोर येऊ देऊ नका, उन्हातल्या अवरक्त किरणांनी यंत्र गोंधळतं. कॅलिब्रेशनचे, म्हणजे यंत्र त्या मुलाच्या नजरेशी जुळवून घेण्याचे, ठिपके कंटाळवाणे असतात. त्यांच्या जागी आवाज करणारं छोटं चित्र ठेवा, पाच ठिकाणी. नंतर पुन्हा तपासा, आणि किती चूक झाल्यावर ते मूल वगळणार हे आधीच कागदावर लिहा. नाहीतर सगळ्यांत जास्त हालचाल करणारी मुलं गळतात आणि उरलेल्यांवरून "ऑटिझम असलेली मुलं" म्हणून निष्कर्ष निघतो.

मूल आईच्या मांडीवर बसणार असेल तर आईने काळा चष्मा घालावा किंवा डोळे मिटावेत, म्हणजे यंत्र तिचे डोळे पकडत नाही. आणि आईला प्रेमाने बजावा : "इकडे बघ, काकू बघ" म्हणायचं नाही. तसं म्हटलं की तुम्ही मोजता ती आईची सूचना.

वेळ निवडताना दिनदर्शिका बघा. गणपतीत, शिवजयंतीच्या चित्ररथांच्या दिवसांत आवाजाने हैराण झालेल्या मुलाकडून काही मिळणार नाही. जून ते सप्टेंबर जांबोटी, कणकुंबी, खानापूरच्या बाजूला पाऊस, गेलेली वीज आणि पत्र्यावरचा आवाज गृहीत धरा. बॅटरी भरलेली, सोबत स्वतःचा दिवा. पहिल्या भेटीत फक्त खेळा. दुसऱ्या भेटीला काय-काय होणार याची चित्रं क्रमाने लावून दाखवा, आवडती वस्तू हातात राहू द्या, आणि एक तुकडा चार-पाच मिनिटांपलीकडे नेऊ नका.

भावना ओळखण्याचा भाग

तो वेगळ्या दिवशी घ्या. सुरुवात शब्दांनी करू नका. आधी जुळवणी : आंब्याशी आंबा, चप्पलशी चप्पल. हे जमलं की मगच चेहरे : ही बाई चिडली आहे, या तिघांतलं तिच्यासारखं कोण? आंबाच जुळला नाही तर चेहऱ्याच्या निकालावर काही बोलता येत नाही. त्या मुलाला खेळ कळला नाही, एवढंच. नंतर प्रसंग : दिवाळीत बांधलेला किल्ला कुणीतरी पाडला, याचा चेहरा कसा असेल? बाजारात आईचा हात सुटला, आता? शब्द सर्वांत शेवटी, आणि घरातले : खूश, चिडलाय, घाबरलाय, रडू येतंय. कन्नड जास्त ऐकणाऱ्या मुलासाठी "सिट्टु" चालेल. आश्चर्य आणि किळस पहिल्या अभ्यासात नकोतच. ऐकायला कमी आणि तपासायला अवघड असे हे शब्द आहेत.

गुण मोजताना अंदाजाचा वाटा काढा. चार पर्याय आणि २० प्रश्न असतील तर नुसत्या अंदाजाने सरासरी ५ बरोबर येतात. एखाद्या मुलाला खरंच काही ओळखता येतं म्हणायचं तर किमान ९ हवेत. दुसरा सापळा : प्रत्येक चेहऱ्याला "चिडलाय" म्हणणारं मूल. रागाच्या १० चेहऱ्यांपैकी १० बरोबर, पण तो शब्द त्याने एकूण ३० वेळा वापरला. वॅग्नर यांच्या १९९३ च्या सूत्राने बरोबर उत्तरांचा वर्ग घ्या, १००. त्याला चेहऱ्यांची संख्या गुणिले शब्द वापरल्याची संख्या, म्हणजे ३०० ने भागा. उत्तर ०.३३. शंभर टक्क्यांवरून थेट तेहतीसवर.

मोठ्या मुलांमध्ये स्वतःच्या भावना सांगता येतात का, याची वेगळी नोंद ठेवा; बर्ड आणि कुक यांची शंका तपासायला दुसरा मार्ग नाही. आणि मिल्टन यांच्या प्रश्नाला धरून एक उलटा प्रयोग सुचवतो : ऑटिझम असलेल्या मुलांच्या चेहऱ्यांच्या चित्रफिती, परवानगीने, आई, शिक्षिका आणि अनोळखी माणसांना दाखवा आणि कुणाला किती ओळखता येतात ते बघा. हा निबंध मला कुणीतरी लिहिलेला हवा आहे.

हिशेब आणि परत देणं

पहिलं मूल तपासण्याआधी तुमची गृहीतं आणि वगळण्याचे नियम ओएसएफ या संशोधन नोंदणीच्या संकेतस्थळावर नोंदवून ठेवा. हिशेबाला जामोवी किंवा जॅस्प ही मोफत सॉफ्टवेअर पुरतात. आर ही संख्याशास्त्राची संगणकभाषा येत असेल तर मिश्र प्रतिमान (मिक्स्ड मॉडेल) वापरा, कारण एकाच मुलाच्या अनेक नोंदी आहेत.

एक हिशेब नेहमी चुकतो. एका मिनिटाच्या चित्रफितीत सुमनने ५० सेकंद पडद्याकडे बघितलं, त्यातले २० चेहऱ्याकडे. राजूने १० सेकंदच बघितलं, त्यातले ६ चेहऱ्याकडे. (दोन्ही नावं कल्पित.) टक्केवारीत राजू पुढे, ४० विरुद्ध ६०, सेकंदांत सुमन. कोणाचं चेहऱ्याकडे लक्ष जास्त? दोन्ही आकडे द्या, आणि आलेखात सरासरीच्या खांबाऐवजी प्रत्येक मुलाचा ठिपका दाखवा. दोन गटांचे ठिपके किती एकमेकांत मिसळतात ते पाहिलं की "ऑटिझमची मुलं अशी असतात" हे वाक्य लिहायला हात धजत नाही.

छापताना गाव लपवा. "खानापूर तालुक्यातल्या अमुक वाडीतला ९ वर्षांचा मुलगा" एवढंही त्याला ओळखायला पुरतं; त्या वाडीत तसा तो एकटाच असतो. तालुक्याऐवजी जिल्हा लिहा, वय गटात सांगा.

पालकांना निकाल तोंडी, मराठीत, घरी जाऊन सांगा. त्यांच्या मुलाचा गुण सांगू नका, कारण एका मुलाबद्दल ठाम बोलण्याइतकी तुमची चाचणी पक्की नाही. ते विचारतीलच, "मग डोळ्यांत बघायला शिकवू का?" २०१७ मध्ये हाजीखानी यांच्या गटाला दिसलं होतं की ऑटिझम असलेल्यांना डोळ्यांच्या भागाकडेच बघायला लावलं, की मेंदूच्या आतल्या भागातली हालचाल जास्त वाढते. हनुवटी धरून चेहरा वळवणं बंद करा, एवढं सांगा. बाजूला बसून त्याच्या खेळात बोला, ते ऐकत असतं. शाळेसाठी दोन पानांचा सारांश काढा, मराठी आणि कन्नड, आणि तो मुख्याध्यापकांसोबत बीआयईआरटींच्याही हातात द्या. स्थानिक चेहऱ्यांचा संच, कलाकारांची परवानगी असेल तेवढा, विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवा. हलियाळ, कारवार किंवा बिदरकडच्या पुढच्या विद्यार्थ्याला पुन्हा टिकलीपासून सुरुवात करावी लागणार नाही.